मदत हवी आहे: आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये हर-टू '२+' आलंय, सोमवारी ऑपरेशन करून घ्यावं की थांबावं?

डाळिंबदाणे

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, तोही घाईत, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई, वय ५४, गाव सांगोला तालुक्यात. डाव्या स्तनात गाठ. तिच्या हाताला ती डाळिंबाच्या तोडणीतच, म्हणजे पाच महिन्यांपूर्वी लागली होती. 'दुखत नव्हती गं, दुखली असती तर सांगितलं असतं.' मग मालाचं पॅकिंग, मग वारी, मग पुतणीच्या मुलाचं बारसं. आंघोळ करताना काखेतही काहीतरी लागलं तेव्हा कुठे बोलली. मी पुण्यात असते. दर रविवारी फोन होतो, त्यात कॅरेटचा भाव रुपयासकट सांगायची, हे तेवढं सोडून.

आतापर्यंत झालेलं: मॅमोग्राफी, सोनोग्राफी (गाठ ३.४ सेंमी, बायरॅड्स ५, म्हणजे कॅन्सरची दाट शंका). काखेतल्या गाठीत सुई घालून तपासलं, तिथेही कॅन्सरच्या पेशी सापडल्या. ट्रूकट बायोप्सीत (जाड सुईने गाठीचा तुकडा काढतात ती) ग्रेड २, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू २+ आणि पुढे बारीक अक्षरात 'इक्विव्होकल, फिश करावी'.

ज्या सर्जनना दाखवलं ते म्हणाले, सोमवारी या, स्तन काढून टाकू, फिशचं नंतर बघता येईल. लॅबवाला म्हणतो आधी करा, ९ हजार, आठ-दहा दिवस लागतील. आईला तर सर्जनपेक्षा जास्त घाई: 'एकदाचं काढा आणि मोकळं करा मला.' काकांचं म्हणणं, सुई टोचली तिथेच चुकलं, आता पसरणार. (फिश टेस्ट म्हटल्यावर आई दचकून म्हणाली, 'मासं खायला लावत्यात का काय?' माळकरी आहे. त्या दिवशी हसलो ते तेवढंच.)

तर आठ-दहा दिवस थांबले तर आजार वाढेल का? आणि मी ३१, ताई ३५, वहिनी ४१, आम्ही काय तपासून घ्यायचं? एक मावशी ४६व्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली, त्याचा इथे काही संबंध नसावा.

लॅबकरीण

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते रंगवून बघतात आणि ० ते ३ असे गुण देतात. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे रंग बघून ठरवता येत नाही, जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतील. ते मोजणं म्हणजे फिश. आईंना सांगा, नावापुरताच मासा आहे, चमकणारे ठिपके मोजतात. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते, पुन्हा टोचायला लागत नाही. २+ मधल्या बऱ्याचशा शेवटी निगेटिव्हच निघतात, पण 'बऱ्याचशा'वर उपचार ठरवता येत नाहीत.

डॉ_साधासुधा

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे, तेव्हा हे तज्ज्ञाकडून पक्कं करून घ्या. पण तुमच्या जागी असतो तर सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकललं असतं.

३.४ सेंमीची गाठ, काखेत पसरलेलं. फिश पॉझिटिव्ह आली तर आज सर्वसाधारण क्रम असा: आधी केमो आणि सोबत हर-टूवरचं इंजेक्शन ट्रास्टुझुमॅब, परवडत असेल तर तसंच दुसरं पर्टुझुमॅबही, मग ऑपरेशन. कारण काढलेल्या भागात कॅन्सर उरला होता की पूर्ण विरघळला होता, यावरून पुढचं इंजेक्शन ठरतं. उरला असेल तर औषध बदलतात, आणि त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. स्तन आधीच काढला तर औषध लागू पडलं की नाही हे बघायला समोर काही राहतच नाही. 'नंतर बघता येतं' हे म्हणून पटत नाही. फिश करता येईल हो नंतरही, क्रम उलटा फिरवता येणार नाही. निगेटिव्ह आली तर आधी ऑपरेशन हा चांगला पर्याय आहेच, सर्जनना लगेच मोडीत काढू नका.

आठ-दहा दिवसांनी बिघडत नाही. बिघडतं ते महिने घालवल्याने. आणि काकांना सांगा, बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. बायोप्सी न करता केलेलं ऑपरेशन हीच खरी चूक.

आईंना एक गोष्ट मात्र समजावून सांगाच. सगळं काढलं की जास्त सुरक्षित, असं नाही. गाठच काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांचा मिलान आणि अमेरिकेत २० वर्षं पाठपुरावा झाला, निष्कर्ष २००२ मध्ये आले. जगण्यात फरक नव्हता. सगळं ऐकूनही त्यांना काढूनच टाकायचं असेल तर तोही त्यांचा हक्क.

कडूकारले

पाच वर्षांपूर्वी मी यातून गेलेय, माझं ३+ होतं. केमो आधी ठरली तर पहिल्या डोसाआधी गाठीत क्लिप (जागा ओळखायची बारीकशी खूण) बसवणार का, हे विचारा. माझी गाठ तिसऱ्या सायकललाच हाताला लागेना, क्लिप नसती तर सर्जन शोधत बसले असते. केमोतलं लाल औषध जातं त्या दिवशी लघवी लाल होते, आईंना आधीच सांगून ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं, संडासात बसून रडले होते. आणि थर्मामीटर घ्या. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन असोत, हॉस्पिटल गाठायचं.

माणदेशी_माणूस

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला माणूस) भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंत आहे, पांढरं कार्डही चालतं. पण मंजुरी आधी लागते. बाहेर ऑपरेशन करून मग बिल योजनेत बसवू, असं होत नाही, आमच्या मेहुण्याचं तसंच बुडालं. हर-टूचं इंजेक्शन वर्षभर चालतं, ते कुठल्या पॅकेजात किती बसतं हे सुरू करण्याआधी विचारून घ्या. तुम्हाला बार्शी जवळ आहे, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. परळला टाटाला जायचं तर राहण्याची सोय आधी बघा, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे.

लॅबकरीण

मावशींचा 'पोटाचा' म्हणजे नेमका कशाचा? आपल्याकडे अंडाशयाच्या कॅन्सरलाही सर्रास पोटाचा म्हणतात. जुने कागद असतील तर बघा, नाहीतर मामांना विचारा.

डाळिंबदाणे

मामीला फोन केला. 'पिशवीच्या बाजूची गाठ होती, पोटात पाणी झालं होतं' म्हणाली. कागदांत अंडाशयच लिहिलंय. आम्ही १४ वर्षं जठराचा समजत होतो.

डॉ_साधासुधा

मग संबंध आहे. सख्ख्या बहिणींत एकीला अंडाशयाचा, एकीला स्तनाचा. आईंची बीआरसीए जनुकतपासणी (या जनुकातल्या दोषाने हे दोन्ही कॅन्सर घराण्यात येऊ शकतात) करायची का, हे तज्ज्ञांना विचारा. आधी आईंची, तुमची नाही. त्यांच्यात दोष सापडला तरच तुम्हा भावंडांत प्रत्येकी निम्मी शक्यता, भावालासुद्धा. तोवर घाबरून मॅमोग्राफी करत सुटू नका, तिशीत स्तन दाट असल्याने त्यात बरंच काही लपतं.

आशाताई_माण

वहिनी सून, म्हणजे त्यांचा या जनुकाशी संबंध नाही. पण वय ४१, तर उपकेंद्रात तपासणी होते, तीस वर्षांवरच्या बायकांची. मशीन नाही म्हणून हसू नका. टाटाने मुंबईत १९९८ पासून दीड लाख बायकांवर हाच प्रयोग केला. शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २० वर्षांनी आकडे आले, पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. त्याहून लहान बायकांत तसा फायदा दिसला नाही, तेही सांगते. पण आमच्याकडे येऊन 'दुखत नाही' म्हणणाऱ्या बाईला मी तिथेच थांबवते. दुखत नाही म्हणूनच दाखवायची.

डाळिंबदाणे

सगळ्यांचे आभार. सोमवार रद्द केला. सर्जन चिडले नाहीत, 'ठीक आहे, रिपोर्ट घेऊन या' एवढंच म्हणाले. बार्शीची वेळ गुरुवारची मिळाली. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड्स घेतल्या, ब्लॉक म्हणजे मेणाचा इवलासा ठोकळा निघाला, आई म्हणते 'यात मी हाय होय!' तो पुण्याच्या लॅबला कुरिअर करू का?

लॅबकरीण

हातानेच न्या, तो एकच आहे. आणि गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने वितळेल.