हिवाळ्यात ग्रुपने डोंगरावर जायचंय पण फोरकास्ट खराब आहे, जावं की नाही?

पायपीट
आम्ही पाच मित्र येत्या शनिवारी एका डोंगरमाथ्यावर जायचं म्हणतोय. जाऊन येऊन साधारण १४ किमी आणि चढ ९०० मीटर. तिघांना थंडीतल्या चालीची सवय आहे, बाकी दोघं आजवर फक्त चांगल्या हवेत आलेत. फोरकास्ट असा की पायथ्याला ६ डिग्री, दुपारपासून पाऊस, माथ्यावर ताशी ५०-५५ किमी वारा आणि ढग पार खालपर्यंत उतरणार. एकजण पुढच्या आठवड्यात बदली होऊन लांब चाललाय त्यामुळे तारीख पुढे ढकलायचं नावच कोणी काढत नाहीये, ग्रुपवर सगळ्यांचं एकच, अरे चल रे, थोडं भिजू, त्यात काय. मला मनापासून काळजी वाटतेय. सरळ रद्द करायचं, की निघून वाटेत बघायचं? आणि वाटेत बघायचं तर परत फिरायचं हे नक्की कोणी आणि कधी ठरवायचं, कारण एकदा चालायला लागलं की तोंड कोणीच उघडत नाही.

उंचसखल
आधी आकडे बघ. दर १००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशाने उतरतं, म्हणजे खाली ६ असेल तर तुमच्या माथ्यावर शून्याच्या आसपास. त्यात ताशी ५५ चा वारा धरला की उघड्या चेहऱ्याला ते उणे ८-९ सारखं लागतं. आणि शून्याच्या आसपासचा पाऊस हा प्रकार मला कोरड्या बर्फापेक्षा जास्त वाईट वाटतो, बर्फ झटकून टाकता येतो, हे पाणी मात्र शिवणीतून, बाहीतून, मानेतून आत शिरतं आणि पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. त्या दोघांना आजच सांग, जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट अजिबात नको, कॉटन एकदा भिजलं की ऊब संपली, लोकर किंवा सिंथेटिक ओलं झालं तरी थोडी धरून ठेवतं.

वेळेचं पण गणित कर. नेस्मिथचा १८९२ चा नियम आहे, ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. तुमचे होतात ४ तास २० मिनिटं, पण ते चांगल्या हवेत, न थांबता, दमाच्या माणसाचे. नवीन दोघं, ओली वाट आणि समोरून वारा धरून मी साडेसहा तास धरेन. थंडीत दिवस केवढासा असतो, अंधार कधी पडतो ते बघूनच निघायची वेळ ठरव.

ढगाआड
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त माणसाकडे बघण्याबद्दल लिहिते कारण ते कुठल्याच अॅपवर दिसत नाही. आमच्यात एकजण होता, अखंड बडबड्या. पावसात तासभर चालल्यावर गप्प झाला आणि मागे पडायला लागला, विचारलं तर म्हणे काही नाही, ठीक आहे. पुढे एका ठिकाणी थांबलो तेव्हा त्याला सॅकचं बकल उघडायचं होतं, बोटं नुसती त्याच्यावरून घसरत होती, दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग ते सोडून तसाच उभा राहिला, नजर कुठेतरी तिसरीकडेच. तिथेच आम्ही चाल संपवली. खडकाच्या आडोशाला सगळे त्याला चिकटून बसलो, ओला टॉप काढून कोरडा घातला, टोपी बदलली, खाली सॅक टाकून त्यावर बसवलं, थर्मासमधलं गरम गोड दिलं आणि तो नीट बोलायला लागल्यावर सगळे मिळून खाली उतरलो.

शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. सुरुवातीला जोरात कुडकुडणं, मग अडखळणं, जीभ जड होणं, उगाच चिडणं किंवा एकदम शांत होणं. ओल्या कपड्यांतच कुडकुडणं थांबलं तर माणूस गरम झाला असं समजू नका, ती धोक्याची पुढची पायरी आहे, तेव्हा त्याला चालवायचं नाही, आडवा ठेवून मदत बोलवायची. हातपाय चोळायचे नाहीत आणि दारू तर बिलकुल नाही. आणि यात आजारी माणसाला स्वतःला कळत नाही की आपलं बिनसलंय, म्हणून आपापली काळजी घ्या म्हणून भागत नाही, जोड्या लावा आणि जोडीदाराशी बोलत राहा, उत्तर कसं येतंय ते ऐका.

वाटसरू
पायपीट, तुझा खरा प्रश्न परत कधी फिरायचं हा आहे. ते वर ठरवायचंच नाही, गाडीतून उतरायच्या आधी ठरवायचं. एक जागा आणि एक वेळ पक्की करा, उदा. या खिंडीत साडेअकरापर्यंत पोचलो नाही तर परत. दुसरं, पाचातला कोणीही एक जण परत म्हणाला की पाचही परत, त्यावर चर्चा नाही, समजावणं नाही, नंतर चिडवणं तर नाहीच. नवीन लोक गप्प बसतात ते याच चिडवण्याच्या भीतीने, आणि नेमके तेच आधी गारठतात. ग्रुप तोडायचा नाही, तू इथे थांब आम्ही माथा करून येतो हे तर कधीच नाही.

वाऱ्याची दिशा पण बघून ठेव. जाताना पाठीवर असेल तर चाल मस्त वाटते, कळतच नाही किती जोर आहे, आणि परत फिरल्यावर तोच वारा पाऊस घेऊन तोंडावर येतो तेव्हा डोळे उघडवत नाहीत आणि सगळे दमलेलेही असतात. म्हणून मध्ये एकदा मुद्दाम मागे तोंड करून उभं राहून बघा, या वाऱ्यात सगळ्यांना परत चालवेल का.

मला विचारशील तर शनिवारी माथा नको. मित्र जातोय, भेटायचंय ना, मग त्याच डोंगराची खालची दरीतली वाट धरा, झाडीचा आडोसा मिळेल आणि कधीही मागे फिरता येईल.

पायपीट
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकलं, आणि नवीन दोघांपैकी एकाने लगेच लिहिलं की त्याला पण भीती वाटत होती पण बोलला नाही. खालची वाट ठरली, सकाळी लवकर निघून पावसाच्या आधी परतायचं. जाणाऱ्यानेच सर्वात आधी हो म्हटलं. आता नकाशा फोनवर ऑफलाइन घेतलाय, तेवढा पुरेल का?

उंचसखल
फोन थंडीत पटकन मान टाकतो, आतल्या खिशात अंगालगत ठेव, आणि ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही हेही लक्षात असू दे. कागदी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत आणि कंपास घ्या, कंपास वापरता येणारा माणूस पण हवा. हेडटॉर्च प्रत्येकाकडे, कोरडे ग्लोव्हज जास्तीचे. शिट्टी गळ्यात असू दे, मदतीची खूण मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा, उत्तर तीनदा येतं. आणि घरी कोणालातरी वाट आणि परतायची वेळ लिहून द्या, खाली पोचलात की त्यांना आधी फोन करा.