मदत हवी आहे : ‘पेट साउंड्स’ मोनोमध्ये ऐकावा की स्टिरिओमध्ये?

नमस्कार. बीच बॉईज या अमेरिकी बँडच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. सोबतचे सदस्य जपानच्या दौऱ्यावर असताना बँडचे मुख्य संगीतकार ब्रायन विल्सन यांनी लॉस एंजेलिसमध्ये कसलेल्या व्यावसायिक वादकांना घेऊन वाद्यमेळाचे काम सुरू केले आणि त्यात सायकलच्या घंटीपासून कुत्र्यांच्या भुंकण्यापर्यंत अनेक आवाज गुंफले. उजव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, आणि मूळ मिश्रणही (ध्वनिमुद्रित आवाजांची अंतिम जुळणी) त्यांनी मोनोच, म्हणजे सारे आवाज एकाच वाहिनीत आणून, केले. १९९७ मध्ये आलेल्या स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या, आवृत्तीत प्रत्येक वाद्य स्वच्छ, वेगळे ऐकू येते. परंतु दोन वाद्ये एकजीव होऊन जो तिसराच आवाज निर्माण होतो, तो मला मोनोतच सापडतो. प्रथमच ऐकणाऱ्या माझ्या भाचीला कोणती आवृत्ती द्यावी?

दुसरा प्रश्न स्वागताचा. हा अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, अमेरिकेत मात्र दहाव्यापर्यंतच. कॅपिटॉल या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने दोन महिन्यांच्या आत बँडच्या जुन्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणला, हे त्याचे कारण मानावे, की समुद्रकिनारा आणि मोटारींच्या गाण्यांना सरावलेल्या श्रोत्यांना हे हळवे संगीत परके वाटले? माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. आपण हा अल्बम कोणत्या स्वरूपात ऐकला, हेही कृपया सांगावे.