शब्दचर्चा: प्रौढशिक्षण, आजीवन अध्ययन, उल्लास... फलकावर नेमकं काय लिहू?

नदीकाठ
आमच्या गावात मारुतीच्या देवळामागच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग सुरू होतोय. येणाऱ्या बहुतेक बाया, चाळिशीपासून सत्तरीपर्यंतच्या. शिकवणार आम्ही तिघी, बिनपगारी. दारावर फलक लावायचाय आणि पेंटर अक्षरावर पैसे घेतो, म्हणून आधी शब्द पक्का करतेय. आई म्हणते "प्रौढ शिक्षण वर्ग" लिही, आमच्या वेळी तेच होतं. कॉलेजातला भाचा म्हणतो "आजीवन अध्ययन". शाळेतून आलेल्या कागदावर आहे "उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम", आणि त्यात बायांना "असाक्षर" म्हटलंय, "निरक्षर" नाही. हे सगळे एकाच गोष्टीचे शब्द आहेत का? आणि "प्रौढ" कुठे गेला?

खडूची भुकटी
सरकारी कागदाची भाषा दर दहा-वीस वर्षांनी कात टाकते. मी मास्तरकीत असताना यातले तीन शब्द बदललेले पाहिले, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

स्वातंत्र्य मिळाल्यावर, मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना, "प्रौढशिक्षण" मागे पडून "समाजशिक्षण" आलं. नुसती अक्षरओळख नको, नागरिक घडला पाहिजे, असा विचार त्यामागे होता. आपल्याकडे 1959 साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली ती याच काळातली. गाव साक्षर झालं की "ग्रामगौरव समारंभ" व्हायचा. काय शब्द आहे बघा! त्यात सत्कार गावाचा आहे, एकट्यादुकट्याला कोणी अडाणी म्हटलेलं नाही. मग 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, 15 ते 35 वयासाठी, आणि "प्रौढ" परतला. तुमच्या आईंच्या डोक्यात बसलाय तो हाच. 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, 2009 मध्ये साक्षर भारत. आत्ताचा कार्यक्रम 2022 ते 2027 असा पाच वर्षांचा. "प्रौढशिक्षण" म्हटलं की 15 वर्षांवरचे सगळेच निरक्षर त्यात नीट मावत नाहीत, म्हणून यापुढे "सर्वांसाठी शिक्षण" म्हणायचं, असं शिक्षण मंत्रालयाने 2022 मध्ये ठरवलं. तर "प्रौढ" तिथे गेला.

कारण मला पटतं. सोळा वर्षांच्या पोरीला प्रौढ म्हणून चालत नाही. पण गंमत अशी, की 1978 चा कार्यक्रमही पंधरापासूनच होता. तेव्हा चाललं.

उपसर्ग
"प्रौढ" बिचारा चांगल्या घरचा शब्द आहे. प्र + ऊढ, वह् धातूपासून. पूर्ण वाढीला आणलेला, परिपक्व. शिवजयंतीला "प्रौढप्रतापपुरंदर" म्हणून घोष करतो तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर पाटी-पेन्सिल येत नाही. "प्रौढी मिरवणे" हा वाक्प्रचारही त्यातलाच. शब्द बिघडला तो "प्रौढ वधू" आणि "प्रौढ साक्षर" अशा जोड्यांमुळे, जिथे प्रौढ म्हणजे "वेळेत न झालेलं".

आता "आजीवन". यातला आ पाणिनीने दोन अर्थांनी सांगितलाय: आङ् मर्यादाभिविध्योः. मर्यादा म्हणजे तिथपर्यंत पण ती सोडून, अभिविधी म्हणजे ती धरून. आमरण उपोषण मरेपर्यंत, आकंठ बुडणं गळ्यापर्यंत. "आजीवन अध्ययन" म्हणजे जिवंत असेतो अभ्यास. ऐकायला जरा जन्मठेपेसारखं वाटतं खरं. हिंदीत तर "आजीवन कारावास" हाच रूढ शब्द आहे. मराठीत आजीवन सभासद असतात, एकदा पैसे भरून पुन्हा न फिरकणारे.

तिरकस
म्हणजे भाचा बरोबर. आजीवन अध्ययन विभागाचं काम आम्ही कॉलेजात वाढीव गुणांसाठी केलं, पदवी मिळाली आणि अध्ययन थांबलं.

खडूची भुकटी
तिरकसराव, टोमणा मान्य. पण भाच्याच्या शब्दात एक मोलाची गोष्ट आहे, ती सोडू नका. "शिक्षण" हे देतात आणि घेतात. "अध्ययन" करावं लागतं. प्रौढशिक्षण म्हटलं की देणारा कोणीतरी वर उभा आहे. अध्ययन म्हटलं की कर्ता शिकणारा. इंग्रजीतल्या "लर्निंग"साठी विद्यापीठांनी "अध्ययन" घेतला तो त्यामुळे योग्यच, फक्त देवळामागच्या खोलीवर तो परका वाटेल. मराठीत याला साधं क्रियापद आहे: शिकणं. पण क्रियापदाचा फलक सरकारला आवडत नाही, नाम लागतं.

पाचवी गल्ली
"असाक्षर" हा हिंदी वळणाचा शब्द आहे, मराठीत निरक्षर. आणि बोलीत अंगठेबहाद्दर. दस्तांवर "निशाणी डावा अंगठा" असायचं. माझी आजी सही शिकली, पण बँकेत घाईगर्दी असली की कारकून शाईचा डबा पुढे करायचा आणि ती मुकाट अंगठा द्यायची. ती साक्षर की निरक्षर?

उपसर्ग
जनगणनेच्या व्याख्येत नुसती सही पुरत नाही. सात वर्षांवरील व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. 2011 च्या आकड्यांत महाराष्ट्र सुमारे 82 टक्के साक्षर. "समजून" हा शब्द त्या व्याख्येत फार जड आहे. तो काटेकोर लावला तर मोबाइलच्या अटी-शर्तींना "मान्य" म्हणणारे आपण सगळे निरक्षर.

आणि हल्ली आर्थिक साक्षरता, डिजिटल साक्षरता, कायदेविषयक साक्षरता... "साक्षर" मधलं अक्षरच गळून पडलंय. बोलून संदेश पाठवणारी, अक्षर न ओळखणारी बाई डिजिटल साक्षर असू शकते. मला हा विस्तार खटकतो, पण भाषेला माझ्या खटकण्याशी देणंघेणं नाही.

तिरकस
मुख्य शब्द राहिला: उल्लास! इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव आहे. समाजात सर्वांसाठी आयुष्यभराचं शिकणं, अशा अर्थाचं काहीतरी. मराठी माणूस मात्र "उल्हास" म्हणतो. उल्हास नदी, उल्हासनगर, चाळीतले उल्हासराव. संस्कृतातल्या ल्ल चा आपण ल्ह केला.

आणि उल्हास म्हटला की म्हण आलीच: आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

खडूची भुकटी
हसलो, कारण या कार्यक्रमाची राज्यातली चाचणी 17 मार्च 2024 ला होती. होळीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे ऐन फाल्गुनात! नाव "पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी". दीडशे गुण: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. आमच्या केंद्रावर एक आजी नातवाच्या कंपासपेटीतून पट्टीसुद्धा घेऊन आल्या होत्या, लागली तर असावी म्हणून. शब्दप्रेमींसाठी सांगतो, या चाचणीत कोणी नापास होत नाही. उत्तीर्ण नसेल त्याला शेरा "सुधारणा आवश्यक". मला आधी ही पळवाट वाटली. मग वाटलं, पासष्टीच्या बाईला नापास म्हणण्याचं धाडस माझ्यात तरी आहे का?

कुळागर
चर्चा साक्षरतेवरच अडकली. कार्यक्रमाचे भाग पाच आहेत, त्यात व्यवसाय कौशल्यंही येतात. मला "कौशल" आणि "कौशल्य" यातला फरक हवाय. केंद्राची 2015 ची योजना "प्रधानमंत्री कौशल विकास योजना", आपल्या राज्याचा विभाग मात्र "कौशल्य".

उपसर्ग
दोन्ही संस्कृतात शुद्ध, दोन्ही "कुशल"पासून. हिंदीने एक उचलला, मराठीने दुसरा. खरी गोची पुढच्या शब्दात आहे. विभागाचं पूर्ण नाव "कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग". नवीनपासून "नावीन्य" हे भाववाचक नाम आधीच झालंय, वी दीर्घ. त्यावर पुन्हा "ता" म्हणजे सौंदर्यता, ऐक्यता यांच्या पंगतीतलं पान. मराठी राज्याच्या विभागाच्या पाटीवर हे रोज दिसतं आणि शाळेत पोरांचे याच चुकीला गुण कापतात.

पाचवी गल्ली
कौशल्य कशाला, आपले कसब, हुन्नर, हातोटी होते की.

उपसर्ग
"हातोटी" एकेकाची, तिचा विभाग होत नाही. "हुन्नर" सुंदर, फारसी. त्याचा "हुन्नरी" आता फक्त जाहिरातीत उरलाय. "कसब" अरबीतून आला, मूळ अर्थ कमाई. पण जरा स्त्रीलिंग करून बघा. कसबी म्हणजे निष्णात कारागीर, आणि कसबीण म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. बायांच्या वर्गावर "कसब केंद्र" लिहाल तर फलक दुसऱ्या दिवशी विहिरीत. बडोद्यात सयाजीरावांनी 1890 मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था काढली तिला "कलाभवन" म्हटलं. तेव्हा "कले"त कापड रंगवणंही बसत होतं. नंतर कला वेगळी, कौशल्य वेगळं, आणि दोघांच्या पगारातही फरक.

कुळागर
अजून एक. "जन शिक्षण संस्थान", म्हणजे ते कौशल्यं शिकवणारं केंद्र, त्याची पाटी पाहिली की मला देवस्थानच वाटतं.

खडूची भुकटी
बरोबर वाटतं! मराठीत संस्थान म्हणजे राजाचं नाहीतर देवाचं. सांगलीचं संस्थान, शेगावचं संस्थान. शिकायची जागा ती "संस्था": औद्योगिक प्रशिक्षण संस्था. हिंदीत मात्र संस्थान म्हणजे इन्स्टिट्यूट. आणि या "संस्थाना"चं जन्मनाव अस्सल गिरणगावी आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. मार्च 1967 मध्ये मुंबईत, वरळीला, देशातलं पहिलं "श्रमिक विद्यापीठ" सुरू झालं. मुंबईच्या समाजशिक्षण समितीने ते चालवायला घेतलं. कामगाराला त्याच्या पाळीच्या वेळा सांभाळून काम, हिशेब, शहरात राहण्याच्या गोष्टी असं सगळं एकत्र शिकवायचं, ही कल्पना. मग देशभर तशी निघाली. 2000 मध्ये नाव बदलून जन शिक्षण संस्थान झालं, आणि 2018 मध्ये ती सगळी शिक्षणाच्या मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. "श्रमिक" आणि "विद्यापीठ" हे शब्द शेजारी-शेजारी लिहिण्यात एक ऐट होती. ती नव्या नावात नाही. गिरण्याही नाहीत म्हणा.

समुद्रपार
सिंगापूरहून. इथे नागरिकांना पंचविशीनंतर सरकार शिकण्यासाठी खात्यात रक्कम देतं. 2024 पासून चाळिशीच्या पुढच्यांना आणखी 4,000 डॉलर. त्याला शिक्षण म्हणत नाहीत, नावात कौशल्य आणि भविष्य. माझा प्रश्न माणसाच्या नावाचा. पन्नाशीत कोर्सला बसलेल्याला मराठीत काय म्हणाल? विद्यार्थी म्हटलं की हाफपॅन्ट आठवते.

तिरकस
शिकाऊ. परवाना असतो की, शिकाऊ.

पाचवी गल्ली
"उमेदवार" होता पूर्वी. वडील कचेरीत दोन वर्षं बिनपगारी "उमेदवारी" करत होते, म्हणजे काम शिकत होते. शिकाऊ उमेदवार हा शब्द अजून कारखान्यात आहे. मधे निवडणुकांनी उमेदवार पळवला. मुळात त्यात उमेद आहे, वय नाही.

नदीकाठ
सगळ्यांचे आभार. काल बायांनाच विचारलं, तुम्ही घरी काय सांगून येता? एक म्हणाली, "अक्षराला जाते." जशी दळणाला जाते तशी. दुसरी म्हणाली, "शाळेला," आणि पदर तोंडाला लावला. मुरबाडजवळच्या फांगण्याला 2016 मध्ये "आजीबाईंची शाळा" निघाली ते टीव्हीवर पाहिलेलं तिने, पण आमच्यातल्या चाळिशीवाल्यांना आजीबाई नको होतं. "प्रौढ"ला कोणाचीच हरकत नव्हती, फक्त त्याचा अर्थ लग्न न झालेली असा एकीने सांगितला.

फलक झालाय. "लिहिणं, वाचणं, हिशेब. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ." खाली बारीक अक्षरांत कार्यक्रमाचं नाव. जोडाक्षराचे पेंटरने दीडपट मागितले, "कार्यक्रम" एकट्यानेच महाग पडला. आणि त्याने "उल्लास" न लिहिता "उल्हास" लिहिलंय. मी पुसायला सांगितलेलं नाही.