जुनी पोर्शे ९११ (९९६) घ्यावी का? अनुभवींचा सल्ला हवा आहे

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज विचारतोच. २००३ सालची पोर्शे ९११ कॅरेरा विकायला आहे. ९९६ म्हणतात ती पिढी. ३.६ लिटरचं इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, गडद निळी, रनिंग फक्त ४८,००० किलोमीटर. आताचा मालक तिसरा.

शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर मी हीच गाडी काढायचो. आधी छपराची रेघ, मग चाकं. त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही हे आधीच सांगतो. दोनदा बघून आलोय, एकदा चालवलीही. किंमत माझ्या आवाक्यात आली आहे आणि नेमकी त्याचीच धास्ती वाटतेय.

रोजच्या वापराची गाडी वेगळी आहे. हिला महिन्यातून तीन-चार वेळा बाहेर काढेन. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड बदलण्याइतका माझा हात चालतो, त्यापुढे नाही. बायकोची हरकत नाही. तिची एकच अट आहे: दारात बंद पडून राहणार असेल तर नको.

आयएमएस बेअरिंगबद्दल (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) जे वाचलं ते खरंच तितकं भयंकर आहे का? आणि दर वर्षी किती खर्चाची तयारी ठेवावी?

तेलकट हात:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. गाडीची किंमत वीस वर्षांत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तुम्ही मध्यम दर्जाच्या नव्या गाडीच्या भावात ९११ घ्याल, पण क्लच, रेडिएटर, सस्पेन्शनचे बुश हे सगळं ९११ च्याच भावाने येणार. म्हणून हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. पहिल्या वर्षात एक मोठं काम निघणार हे गृहीत धरा आणि त्याचे पैसे बाजूला काढल्यावर जी रक्कम उरेल ती तुमची खरी ऐपत.

आता बेअरिंग. या एम९६ इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँककडून फिरणं घेऊन साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टकडे पोचवणं हे त्याचं काम. त्याचं फ्लायव्हीलकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर टेकलेलं असतं. कालांतराने सील दगा देतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, गोळ्या झिजतात. बेअरिंग मोडलं की शाफ्ट जागेवरून हलतो, कॅमचं टायमिंग जातं आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग दुरुस्ती राहत नाही, इंजिनच बदलावं लागतं.

सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बरंच टिकाऊ निघालं. साधारण २०००-०१ पासून एका रांगेचं आलं आणि बदनामी मुख्यतः त्याची. तुमच्या २००३ च्या गाडीत मूळ बेअरिंग असेल तर एका रांगेचंच असणार. पण या पिढीत ते बदलता येतं. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवलं की मागे त्याचं झाकण दिसतं. म्हणून शहाणे मालक क्लच बदलतानाच ते बदलून घेतात, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडते. तेव्हा मालकाला एवढंच विचारा: क्लच कधी बदलला, आणि त्या बिलावर बेअरिंगचा उल्लेख आहे का? तोंडी उत्तर धरू नका, बिल बघा.

गॅरेजवाली:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. फक्त एक सांगते, सगळं लक्ष आयएमएसवर देऊ नका. ३.६ च्या बाबतीत मला जास्त काळजी सिलिंडरच्या भिंतींची वाटते. या इंजिनात लोखंडी लायनर नाहीत. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येच सिलिकॉनयुक्त पृष्ठभाग तयार केलेला असतो आणि पिस्टनच्या बाजूंना वेगळा लेप असतो. तो लेप गेला की पिस्टन भिंतीला घासतो, उभे ओरखडे पडतात आणि तिथून ऑइल जळायला लागतं. बेअरिंग बदलून प्रश्न मिटतो, ओरखडे पडले तर इंजिन पूर्ण खोलून सिलिंडर नव्याने करून घ्यावे लागतात.

मी बघताना काय करते ते सांगते. सायलेन्सरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत आतून बोट फिरवायचं. दोन्हीकडे सारखी काजळी असेल तर ठीक. एका बाजूचं बोट कोरडं करडं आणि दुसऱ्या बाजूचं काळं, तेलकट निघालं तर सावध व्हायचं. दुसरं म्हणजे इंजिन गरम झाल्यावर आयडलला एका बाजूने येणारी टिकटिक. ही दोन्ही लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात, म्हणून निकाल त्यावर लावायचा नाही. स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा घालूनच बघायचं. सहाही सिलिंडर. मालक त्याला नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर समजा.

आणि हो, पुढच्या बंपरच्या दोन बाजूंच्या जाळ्यांतून टॉर्च मारा. आत पाण्याचे रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर असतात. त्या फटीत पालापाचोळा साचून ओला राहतो आणि गंज लागतो. तिथे वर्षानुवर्षांची पानं दिसली तर त्या गाडीकडे कोणी प्रेमाने बघितलेलं नाही एवढं नक्की कळतं.

सहा सिलिंडर:
४८,००० रनिंग वाचून सगळे खूश होतात, मी जरा थबकलो. वीस वर्षांहून जुन्या गाडीचं हे रनिंग म्हणजे वर्षाला अडीच हजाराच्या आत. मीटर फिरवला नसेल तर गाडी बहुतेक काळ उभी होती. उभ्या गाडीत सील सुकतात, रबरी होज कडक होतात, ऑइलमध्ये ओलावा साचतो. या इंजिनांवर काम करणारे जाणकार हेच सांगतात की नियमित चालणाऱ्या गाड्यांत ते बेअरिंगही जास्त टिकतं.

मीटर खरा आहे का ते तपासता येतं. इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. किलोमीटरला तासांनी भागा. ४८,००० किलोमीटरला हजार ते चौदाशे तास म्हणजे ताशी पस्तीस ते पन्नासची सरासरी, पटण्यासारखं. २,६०० तास निघाले तर सरासरी अठरावर येते, मग चौकशी करा.

तिथेच ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची, नोंद मिळते. रेंज १ आणि रेंज २ असे दोन भाग असतात. रेंज १ ची फार चिंता नको. रेंज २ मात्र नुसता ॲक्सिलरेटर दाबून गाठता येत नाही, कारण लिमिटर इंजिनला आधीच आवरतो. पाचव्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा गिअर पडला की चाकंच इंजिनला फरफटत नेतात, तेव्हा ती नोंद होते. ती कितव्या तासाला झाली हेही दिसतं. जुनी असेल आणि त्यानंतर इंजिन शेकडो तास नीट चाललं असेल तर सोडून द्या.

हळू चालक:
माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, नाव मुद्दाम घेत नाही. पण आयात केलेली जुनी स्पोर्ट्स कार सहा वर्षं सांभाळतोय, म्हणून लिहितो.

खर्चापेक्षा मला वाट बघण्याने जास्त दमवलं. दुसऱ्या वर्षी कूलंटची टाकी तडकली. प्लॅस्टिकची वस्तू, दिसायला काहीच नाही. पार्ट बाहेरून यायला पाच आठवडे लागले आणि आला तो चुकीचा. गाडी गॅरेजमध्ये जॅकवर, पुढचं एक चाक काढलेलं, अंगावर धुळीचा थर. मी दर शनिवारी जाऊन नुसता बघून यायचो. वहिनींची जी अट आहे ती मला अगदी पटते, आणि तिचा गाडीच्या निवडीइतकाच मेकॅनिकच्या निवडीशी संबंध आहे. आधी माणूस शोधा. त्याला ही गाडी नुसती माहीत असून भागत नाही, तिचं निदानाचं यंत्र त्याच्याकडे हवं आणि पार्ट कुठून मागवायचे हे त्याला ठाऊक हवं. तो सापडला नाही तर मीही म्हणेन, घेऊ नका.

वळणवेडा:
सगळे घाबरवतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. साधारण १,३५० किलोची गाडी, ३२० अश्वशक्ती, टर्बो नाही आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग. २०११ च्या ९९१ या पिढीपासून इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं आणि रस्ता हातात बोलायचा ते कमी झालं. वळणातून बाहेर पडताना मागच्या इंजिनाचं वजन चाकांवर बसतं आणि गाडी जमिनीला धरून पुढे झेपावते, हे एकदा अनुभवलं की माणूस बाकी हिशेब करत नाही. मी तरी केला नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. गाडी चांगली निघाली तर घ्याच.

तेलकट हात:
वळणवेडा यांच्या म्हणण्यात "चांगली निघाली तर" हेच तीन शब्द महत्त्वाचे आहेत.

कोणी पर्याय सुचवेल म्हणून आधीच लिहितो. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ घेतली तर तिथे मागचा सबफ्रेम जिथे बसतो त्या तळाच्या पत्र्याला तडे जातात का ते बघावं लागतं, शिवाय व्हॉल्व्हचा गॅप ठरावीक काळाने मोजून शिम (पातळ चकत्या) लावावे लागतात. फेरारी ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये सीटच्या मागचं झाकण काढून तो बदलता येतो. पण दोन्हीकडे बेल्ट वर्षांच्या हिशेबाने बदलायचा असतो, गाडी एक किलोमीटर न चालवताही. याच ९९६ मधल्या टर्बो आणि जीटी३ ला वेगळं इंजिन आहे, त्यात हा बेअरिंगचा प्रश्न नाही, पण भावही त्याप्रमाणे. एकूणात साधी ९९६ ही या जातीतली सांभाळायला सोपी गाडी आहे.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी पुन्हा जाऊन आलो, आता काय दिसलं ते लिहितो.

इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं म्हणून मुद्दाम लवकर गेलो. मागच्या झाकणावर हात ठेवला तर कोमट. मालक म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली." असेलही तसं.

सोबत नेलेल्या मेकॅनिकने यंत्र लावलं. १,३१० तास, म्हणजे मीटर खरा वाटतो. रेंज २ ची नोंद आहे, पण ४०२ व्या तासाची. इथपर्यंत मी खुशीत होतो. मग टायरवरचा डॉटचा आकडा बघितला: मागच्या दोन्ही टायरवर ३११२. २०१२ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी जवळजवळ नव्यासारखी, आणि बाजूच्या रबराला नखाएवढ्या भेगा. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं. पुढच्या जाळीत टॉर्च मारला तर आत पानं, कुजून मातीसारखी झालेली. क्लचचं बिल नाही. ऑइल बदलल्याची शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची. कॅमेऱ्याचा विषय काढल्यावर ते म्हणाले, प्लग काढायला मी कोणाला देणार नाही.

परत येताना फार वाईट वाटलं. गाडी खोटी नाही, तिला कोणी चालवलं नाही एवढंच.

मेकॅनिकच्याच ओळखीची आणखी एक आहे. २००२ ची, तीच ३.६, रुपेरी. रनिंग १,१२,०००. बारा वर्षं एकच मालक, फाइल दोन बोटं जाड. ८४,००० ला क्लच, त्याच बिलावर आयएमएस बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील. ड्रायव्हरच्या सीटची बाजू घासलेली आहे, पुढच्या बंपरला दगडांचे टवके. त्यांनी कॅमेऱ्याला स्वतःहून होकार दिला. गुरुवारी जायचं ठरलंय. त्या दिवशी काय लक्षात ठेवू?

सहा सिलिंडर:
ही गाडी बघायला मी स्वतः आनंदाने आलो असतो. फाइलमधली बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकावरचं रनिंग चढतं आहे का ते बघा.

गॅरेजवाली:
मालकांना सांगून ठेवा की बुधवार रात्रीपासून गाडी सुरू करू नका. सकाळी आधी थंड इंजिन सुरू करा. पहिल्या क्षणी थोडा निळा धूर आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरच्या इंजिनात ऑइल थोडं साचतं. पांढऱ्या धुराचा लोट थांबेचना असं झालं तर ऑइल सेपरेटर गेलेला असू शकतो, तो बदलता येतो.

मग पूर्ण गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढले तर आटे खराब होतात. प्लग बाजूने, खालून काढावे लागतात, तेव्हा गाडी लिफ्टवर हवी आणि हातात अख्खी सकाळ हवी. प्रत्येक सिलिंडर बघताना त्याचा पिस्टन सर्वात खाली आणायला लावा, नाहीतर भिंतीचा बराचसा भाग झाकलेलाच राहतो. सुरुवात सहाव्यापासून करा. ओरखडे असले तर बहुतेक वेळा तिथे आधी सापडतात. फोटो काढून इथे टाका, मी बघते.