मदत हवी आहे: वेबसाइट बिल्डरवरच्या साइटमधलं एकच पान हाताने लिहावं का?

एका छोट्या संस्थेची पाच पानांची साइट ड्रॅग-अँड-ड्रॉप बिल्डरवर (कोड न लिहिता, माउसने तुकडे ओढून पान बनवायचं साधन) केली आहे. दिसते छान, पण माउस बाजूला ठेवून टॅब कीने फिरलं की 'अर्ज पाठवा' या बटणावर फोकस येतच नाही, म्हणजे ते निवडलंच जात नाही. ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट करून त्याचा कोड पाहिला, तर ते बटण नाहीच! एकात एक आठ डिव्ह (नुसत्या चौकटी) आणि सगळ्यात आतल्याला क्लिक लावलेलं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते नुसता मजकूर म्हणून वाचतो. अंध माणसाने अर्ज करायचा कसा? हे मला फार खटकतंय.

त्या डिव्हला रोल ('हे बटण आहे' असं सांगणारी खूण) आणि टॅबइंडेक्स (टॅब कीने तिथे पोहोचू देणारी खूण) घालून पाहिलं. फोकस आला, पण एंटर आणि स्पेस चालेनात. त्यासाठी वेगळी जावास्क्रिप्ट लागते. एचटीएमएलच्या साध्या बटन टॅगला हे सगळं आयतं मिळतं. शिवाय पुन्हा पब्लिश केलं की माझी दुरुस्ती पुसली जाते. टेम्प्लेट बदललं, तरी तेच.

एचटीएमएल-सीएसएस (पानाची रचना आणि रूप लिहायच्या भाषा) मला नीट येतं. पण मजकूर बदलणारे सहकारी कोडला हात लावत नाहीत, त्यामुळे बिल्डर पूर्ण सोडणं शक्य नाही.

फक्त अर्जाचं पान हाताने लिहून बाकीची चार बिल्डरवर ठेवली, असं कोणी केलंय का? दोन्हीकडचा मेनू आणि सीएसएस एकसारखं कसं ठेवता?