तरुणांना कष्ट नकोत, हे मान्य नाही

आजच्या मुलांना कष्ट नकोत म्हणून ती नोकऱ्या सोडतात, असे अनेक जण म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. माझा भाचा मालाडमधील एका मोठ्या दुकानात रोज बारा तास उभा राहत असे आणि जादा तासांचे पैसे मागताच त्याला उद्यापासून येऊ नकोस असे सांगण्यात आले. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर होता, पण तो त्याला कधी मिळालाच नाही. ती मर्यादाही १० तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा आमच्या चाळीतील घराघरांत संताप होता. आधीचे तास तरी पाळले जातात का, हे तपासणार कोण?