९ वॅटचे एलईडी बल्ब लवकर का जातात? मुद्दाम तसेच बनवतात का?

गोदाकाठ, परभणी
पत्र्याच्या घरात पिनांच्या होल्डरचे बल्ब आहेत. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं, पण उन्हाळा लागला की आधी लुकलुकतात, मग बंद. आत नेमकं काय जातं? दुरुस्त होतात का?

सोल्डरवाला, नांदेड
भाऊ, बल्ब होल्डरमधून काढून दहा मिनिटं ठेवा, मग चपट्या स्क्रू ड्रायव्हरने पांढरी टोपी उचकटा. पिवळ्या चिपांपैकी एखादीवर काळा ठिपका दिसला की तीच गेलेली. सगळ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून एक गेली की सगळ्या विझतात.

बरेच जण ती चिप तारेने शॉर्ट करतात. स्वस्त बल्बात ड्रायव्हर, म्हणजे चिपांना करंट पुरवणारं सर्किट, चिपांच्याच पाटीवर असतो. शॉर्ट केलेल्या चिपचं व्होल्टेज त्यातल्या आयसीवर (करंट सांभाळणाऱ्या छोट्या काळ्या चिपवर) पडतं आणि ती जास्त तापते. त्यापेक्षा दुसऱ्या बंद बल्बातली तशाच मापाची चिप लावा, प्लस-मायनस बघून. पाटी अ‍ॅल्युमिनियमची, उष्णता ओढून घेते, तेव्हा खालून तापवल्याशिवाय सोल्डर सुटत नाही. टोपी बसवल्याशिवाय बल्ब चालू करू नका, पाटीवर थेट मेनचा करंट असतो.

उजेड_लातूर
मुद्दामचं म्हणाल तर इतिहास आहेच. ओस्राम, फिलिप्स वगैरेंनी १९२४ साली फीबस कार्टेल, म्हणजे कंपन्यांचं संगनमत केलं आणि साध्या बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणलं. जास्त टिकणारा बल्ब काढला तर दंड. एलईडीत असा करारही लागत नाही. कमी चिपा घालून त्यांतून जास्त करंट सोडला की खर्च वाचतो आणि बल्ब लवकर जातो. उलट फिलिप्सच्याच दुबई लॅम्पमध्ये, म्हणजे दुबईसाठी काढलेल्या जास्त टिकणाऱ्या एलईडी बल्बात, फिलामेंट (एलईडीच्या बारीक पट्ट्या) जास्त, करंट कमी.

करंट कमी करणं घरीही जमतं. आयसीजवळ करंट ठरवणारे दोन बारीक रेझिस्टर पॅरलल (शेजारी-शेजारी जोडलेले) असतील, तर जास्त ओहमचा काढा. उजेड थोडा उतरतो, पण चिपा बऱ्याच थंड राहतात. एकच असेल तर काढू नका, बल्ब लागणारच नाही. आणि पत्र्याला चिकटून होल्डर ठेवू नका, वायरवर दीड-दोन फूट खाली सोडा.

वायरमन_बीड
चार बल्ब एकाच रात्री गेले असतील तर दोष बल्बाचा नाही. गल्लीत काही घरांत दिवे मंद, काही घरांत भगभगीत, म्हणजे डीपीवरचा (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल सैल. मल्टीमीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून फेज-न्यूट्रल मोजा. २६०च्या वर दिसलं तर मेन स्विच पाडा आणि लाइनमनला बोलवा. अशात फ्रिज आणि टीव्हीही जळतात.